ताटातलं नाव आणि शंभर शेअर

माझ्या वडिलांना कोणताही कागद मनातल्या मनात वाचता येत नसे. एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि टाइप होऊन आलेला कागद तोंडानं वाचल्याशिवाय साहेबापुढे ठेवायचा नाही, ही त्यांची नोकरीभराची शिस्त. डोळा चुकतो, कान चुकत नाही, असं ते म्हणत. ही शिस्त त्यांनी कचेरीत ठेवून यायला माझी हरकत नव्हती, पण ती त्यांच्याबरोबर सायकलवर बसून नंदनवनातल्या आमच्या घरापर्यंत यायची. विजेचं बिल, लग्नपत्रिका, गावाकडून, कुहीहून आलेलं काकांचं पत्र, सगळं आमच्या घरात खणखणीत आवाजात वाचलं जायचं. धान यंदा कसं आहे आणि काकांनी शेवटी कोणाकोणाला नमस्कार सांगितला आहे, हे शेजारच्या दोन घरांना आमच्याइतकंच ठाऊक असे. कॉलेजात गेल्यावर मला या सवयीची इतकी लाज वाटू लागली, की माझी पत्रं मी मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवू लागले.

त्यांचं दुसरं वेड टेलिफोनचं. मी शाळेत होते तेव्हाच त्यांनी फोनसाठी नाव नोंदवलं होतं. दर सहा महिन्यांनी ते टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन आपला नंबर कुठवर आला ते विचारून यायचे आणि उत्तर नेहमी सारखंच असायचं. आई मी आठवीत असताना गेली होती. घरात आम्ही दोघंच. फोन आला तर करणार कोणाला, असं मी एकदा विचारलं. कुहीच्या काकांकडे फोन नव्हता, बाबांच्या ऑफिसातल्या मित्रांकडे नव्हता, आणि मी तर त्यांच्यासमोर बसून कांदे चिरत होते.

"आधी येऊ तर दे," बाबा म्हणाले. "मंग माणसं भेटतात बरोबर."

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना पेपरात एक जाहिरात आली. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं लोकांना शेअर द्यायला काढले होते. बाबांनी ती जाहिरात तीनदा वाचली, अर्थात मोठ्यानं. फोन मिळत नाही तर निदान फोनवाल्याचे मालक होऊ, असा त्यांचा हिशेब. पण सरकारी नोकरानं शेअर घ्यावेत की नाही याबद्दल त्यांना शंका होती, आणि ती साहेबाला विचारण्याची हिंमत नव्हती. म्हणून फॉर्म माझ्या नावानं भरला गेला. मी त्यावर माझी कॉलेजातली सही केली, लांब शेपटाची आणि खाली दोन ठिपके असलेली. तेव्हा मला ती फार रुबाबदार वाटायची.

शंभर शेअर मिळाले. सर्टिफिकेट आलं, हिरव्या वेलबुट्टीच्या काठाचं, जाड कागदावर छापलेलं. त्याच्या मधोमध माझं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं. बाबांनी ते सर्टिफिकेट वरपासून खालपर्यंत वाचलं, शिक्क्यातली गोल अक्षरंसुद्धा मान वाकडी करून वाचली, आणि माझं नाव आलं तेव्हा थोडं जास्तच मोठ्यानं वाचलं. मग ते कपाटात आईच्या शालूखाली गेलं आणि तीन-चार वर्षं तिथेच राहिलं. दहा रुपयांचा शेअर कधी अकरा व्हायचा, कधी नऊ. वर्षातून एकदा डिव्हिडंडचा एक किरकोळ चेक यायचा. बाबा माझं नाव मोठ्यानं वाचून तो माझ्या हातात द्यायचे, तेवढीच काय ती श्रीमंती.

मग ते वर्ष उजाडलं. बाबा रिटायर झाले होते. सकाळी फिरायला जायचं आणि परतताना चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे खायचे, असा त्यांचा चार जणांचा कंपू जमला होता. डॉक्टरनं चौघांनाही तर्री बंद सांगितली होती, म्हणून चौघं एकमेकांच्या साक्षीनं खात. त्या टपरीवर बातमी आली, की आमच्या कंपनीवर कोणाचा तरी डोळा आहे.

कोणाचा, यावर एकमत नव्हतं. सोमवारी तो कलकत्त्याचा शेठ होता. बुधवारी तो लंडनला राहणारा आपलाच कोणी निघाला आणि बाजारातून गुपचूप शेअर गोळा करू लागला. आठवड्याच्या शेवटी तो जपानी झाला. जपानी आले की म्हणे खिशात ठेवायचा, बिनतारी फोन निघणार होता. कंपूतल्या एका रिटायर पोस्टमास्तरांनी विचारलं, की बिनतारी ठीक, पण बाजारात वाजला तर माणसानं भाजीवाल्यासमोर उभं राहून बोलायचं का. या कल्पनेवर बाबा दोन दिवस हसत होते. आज हे लिहिताना माझा फोन माझ्या मांडीवर आहे, म्हणून त्यांच्या हसण्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

इतवारीत एक एजंट होता. दुकान सुतळीचं आणि बांधाबांधीच्या कागदाचं, पण मागच्या बाजूला शेअरचं काम. दुपारी मुंबईला ट्रंककॉल लावून तो भाव विचारायचा आणि पाटीवर खडूनं लिहून ठेवायचा. बाबा रोज सायकलनं तिकडे जाऊ लागले. कंपनी कोण घेणार हे त्या एजंटालाही माहीत नव्हतं, पण तो अशा चेहऱ्यानं गप्प बसायचा की त्याला सगळं माहीत आहे असं वाटावं. पाटीवर पंचवीस झाले, चाळीस झाले, पासष्ट झाले. बाबांच्या डोक्यात ऐंशीचा आकडा बसला होता. मोठी अनामत भरली की फोन आधी मिळतो अशी सरकारची एक योजना होती, आणि शेअर ऐंशीला गेला की ती अनामत बरोबर भरता येणार होती. त्यांना ना श्रीमंत व्हायचं होतं, ना कंपनी कोणाच्या घशात जाते याची फिकीर होती. त्यांना फोन हवा होता.

आणि आता तो कोणाला करायचा हेही ठरलं होतं, कारण त्याच हिवाळ्यात माझं लग्न झालं. कंपनीचा ताबा कोण घेणार यावर इतवारीत खल चालू असताना माझा ताबा बिनबोभाट प्रताप नगरकडे गेला. सासरे सरकारी डॉक्टर. घर नवं, पुढे बाग आणि हॉलमध्ये तिपाईवर फोन, क्रोशाची टोपी घातलेला. मला पाहायला आले तेव्हा बाबांनी मुलाला दोन प्रश्न विचारले आणि फोनबद्दल पाच. हे स्थळ त्यांनी मुलगा पाहून पसंत केलं की फोन पाहून, याबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे तांदळाचं ताट आलं. त्यात सोन्याच्या अंगठीनं माझं नवं नाव लिहायचं होतं. नाव सासूबाईंनी ठरवलेलं. लिहिलं नवऱ्यानं, आणि नंतर पेढे वाटले गेले. नाव वाईट नव्हतं, कोणालाही आवडेल असं होतं, फक्त ते माझं नव्हतं. आडनाव जाणार, मधलं नाव जाणार हे मला ठाऊक होतं. पण माझं स्वतःचं नाव आईनं ठेवलं होतं आणि चोवीस वर्षं त्यात काही बिघडलं नव्हतं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. ताटातले तांदूळ कुहीचे होते, बाबांनी रुखवतासोबत पोतंभर दिलेले. माझं नाव पुसायला तांदूळ माहेरचेच वापरले, याचा मला इतका राग आला की मी पेढा खाल्ला नाही. सासूबाईंना वाटलं, सून लाजाळू आहे.

पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा मी हे सगळं बाबांपुढे ओकले. ते आरामात ऐकत होते.

"काहून एवढा जीव जाळतं वं," ते म्हणाले. "ताटात लिहिलेलं नाव. त्या तांदळाचा भात झाला का नाव बी खलास."

पंधरा दिवसांनी त्यांना माझ्याशी बोलावंसं वाटलं. नंदनवन ते प्रताप नगर म्हणजे बर्डीला बस बदलून तासाभराचा रस्ता, पण बाबांच्या लेखी मी परदेशी गेले होते. ते किराणा दुकानात गेले, दुकानदाराला पैसे दिले आणि आमच्याकडे फोन लावला. फोन सासूबाईंनी उचलला. बाबांनी नमस्कार वगैरे न करता माझं नाव घेतलं, जन्माचं, आणि तिला बोलवा म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, या नावाचं इथे कोणी राहत नाही, आणि फोन ठेवला. बाबांनी पुन्हा पैसे दिले, पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी चार हातांवरच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि राँग नंबरला सासूबाई किती शांतपणे उत्तर देतात याचं मनात कौतुक करत होते. तिसऱ्यांदा बाबांनी आपण व्याही बोलत असल्याचं सांगितलं तेव्हा कुठे मला हाक आली, नव्या नावानं. सासूबाईंना बिचाऱ्यांना खरोखरच ओळखू आलं नव्हतं. माझं जुनं नाव त्यांनी पत्रिका जुळवताना एकदा वाचलं असेल, तेवढंच.

 पुढच्या खेपेपासून बाबा फोनवर माझं नवं नाव घेऊ लागले, तेही तीन शब्दांचं पूर्ण, जसं काही ऑफिसात टपाल देत आहेत. कागदावर जे आहे ते खरं, हा त्यांचा धर्मच होता. मला ते ऐकून बरं वाटत नसे, आणि तसं मी म्हटलंही नाही. रुसायचा हक्क माझा माहेरी वापरून झालेला होता.

इकडे सासरी माझं शिक्षण चालू होतं. बँकेत जॉइंट खातं उघडायचं, रेशन कार्डात नाव घालायचं, गॅसच्या कागदावर सही करायची, म्हणून नवऱ्यानं मला नव्या नावाची सही बसवायला सांगितली. तो ज्युनिअर इंजिनिअर होता, कामात पक्का. त्यानं दोनशे पानी वही आणून दिली आणि रोज एक पान सही गिरवायला लावलं. बँकेचा माणूस दोन सह्या ताडून पाहतो, म्हणे. महिन्याभरात माझा हात असा बसला की मी धोब्याच्या वहीवरसुद्धा नव्या नावाची सही ठोकू लागले.

आणि एका सकाळी बाबा प्रताप नगरला आले. पाटीवर ऐंशी लागले होते.

ते हॉलमध्ये सोफ्याच्या कडेवर बसले. पिशवीतून सर्टिफिकेट काढलं आणि त्यासोबत विकण्याचा फॉर्म. फॉर्मवर शेअर ज्याच्या नावावर आहेत त्याची सही लागते. सासूबाई समोर खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. त्यांच्यादेखत आपण चांगली सून दिसावं, असं मला त्या काळात अधूनमधून वाटत असे. मी पदर सावरला, पेन घेतलं आणि फॉर्मच्या तळाशी महिनाभर गिरवलेली सही एका झटक्यात केली. नव्या नावाची.

बाबांनी फॉर्म हातात धरून सहीकडे कौतुकानं पाहिलं. नोकरीभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढलेल्या त्या माणसाला सर्टिफिकेटवर एक बाई आणि फॉर्मवर दुसरीच आहे, हे दिसलं नाही. फॉर्म इंग्रजीत छापलेला होता, आणि सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचायला त्यांना संकोच वाटला, असं ते नंतर म्हणाले. जन्मात एकदा त्यांनी कागद मनात वाचला आणि तो असा महागात पडला.

"झकास सही आहे," ते म्हणाले. "फोन आला का पहिला तुलेच करतो."

इतवारीच्या एजंटाच्या दुकानात त्या दिवशी इतकी गर्दी होती, की त्यानंही न पाहता पाकीट बंद करून मुंबईला पाठवलं. तिथल्या दलालाच्या माणसाला मात्र दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. सर्टिफिकेट एकीचं, सही दुसरीची, असा शेरा मारून त्यानं ते जसंच्या तसं परत धाडलं. जायला-यायला बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत कलकत्त्याच्या शेठनं आपला काही संबंध नसल्याचं सांगितलं, लंडनवाल्याचं कोणी नाव घेईना आणि जपानी तर कधी आलेच नव्हते. पाटीवर चौतीस लिहिलेले होते.

मी रडले. बाबांचा फोन माझ्या सहीनं घालवला, याहून जास्त रडू या गोष्टीचं आलं, की ती सही करताना मला जराही अडखळायला झालं नव्हतं. ज्या नावासाठी मी पेढा नाकारला होता ते माझ्या हातानं महिन्याभरात टाकून दिलं होतं. नवऱ्याला वाटलं मी पैशांसाठी रडते आहे, म्हणून त्यानं मला शेअर बाजारात असंच असतं, असं समजावून सांगितलं. त्यानं तोवर एकही शेअर घेतला नव्हता.

 बाबांनी मात्र नाद सोडला नाही. उन्हाळ्यात टपरीवर पुन्हा बातमी आली, की कंपनीवर आता दिल्लीच्या कोणाची तरी नजर आहे, आणि पाटीवर साठ लागले. उरलेली रक्कम आपण प्रॉव्हिडंट फंडातून घालू, असं बाबांनी ठरवलं. एजंटानं या वेळी पक्का सल्ला दिला, की जुन्या सहीनं विकलं तर चेक जुन्या नावाचा येईल आणि तुमच्या मुलीचं खातं आता नव्या नावाचं, तेव्हा आधी नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या, ते कंपनीला पाठवा, मग तुमच्या मुलीची नवी सही चालेल. बाबा कोर्टासमोर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टाकडे गेले, स्टॅम्प पेपर घेतला आणि मजकूर टाइप करून आणला. दुसऱ्या दिवशी मी कोर्टात जाऊन सही करायची होती. त्याआधी मजकूर बरोबर आहे ना, हे मला दाखवायला ते संध्याकाळी आमच्याकडे आले.

सासूबाई त्याच खुर्चीवर बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात कुहीचे तांदूळ. या वेळी कागद मराठीत होता, आणि एकदा तोंड पोळल्यामुळे बाबांनी संकोच गुंडाळून ठेवला. चष्मा लावून त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली. मी, अमुक तमुक, वय इतकं, धंदा घरकाम, राहणार प्रताप नगर, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते. आवाज अगदी जुना, नंदनवनचा. सासूबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या. हॉलमध्ये असं मोठ्यानं वाचलेलं त्यांनी पूर्वी ऐकलं नसावं.

"माझे माहेरचे नाव," बाबांनी वाचलं, आणि ते नाव वाचलं. सर्टिफिकेट आलं होतं तेव्हा वाचलं होतं तसंच, थोडं जास्त मोठ्यानं. मग पुढे: "हे नाव मी कायमचे टाकून दिले असून, यापुढे त्या नावाशी माझा काहीएक संबंध राहणार नाही."

तिथे ते थांबले. मला वाटलं टायपिंगची चूक सापडली. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी हळू. मग कागद गुडघ्यावर ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसले.

"बाबा, काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "तुह्या आईनं ठेवलं होतं वं हे नाव. बारशाच्या दिवशी ताप होता तिले, तरी उठून बसली. मी म्हणलं होतं, भात झाला का संपलं. मले समजलंच नाही."

मी म्हटलं, की बाबा, ही कोर्टाची भाषा आहे, सगळ्यांच्या कागदात हेच असतं. मी उद्या येते, सही करते, तुमचा फोन येऊ दे. हे मी मनापासून म्हणत होते. माझ्या एका सहीनं त्यांचा फोन गेला होता, तो दुसरीनं परत आणायचा होता, मग त्या कागदात काहीही लिहिलेलं असो. बाबांनी मान हलवली आणि स्टॅम्प पेपरची घडी घातली. त्यांच्या हातून एकही स्टॅम्प पेपर वाया गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मी लिहून आणला तो कागद," ते म्हणाले, "अन् मीच तुले सही करू देऊ? राहू दे. शेअर जसे आहेत तसे राहू दे. फोनचा माहा नंबर लागन तेव्हा लागन."

त्यांनी चहा घेतला, सासूबाईंना नमस्कार केला आणि शेवटची बस गाठायला निघून गेले. मी फाटकापर्यंत गेले. परत आले तेव्हा सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं होतं आणि नुसत्या बसून होत्या.  मी सरळ स्वयंपाकघरात गेले, कारण माझ्या लेखी गुन्हेगार त्याच होत्या.

कंपनी दिल्लीवाल्यानं घेतली नाही. कोणीच घेतली नाही. पावसाळ्यापर्यंत पाटीवर वीस आले आणि टपरीवरचा कंपू सिमेंटच्या कोणत्या तरी कंपनीकडे वळला. बाबा महिन्यातून एकदा आमच्याकडे येत राहिले, हातात कुहीच्या तांदळाची पिशवी.

अशाच एका दुपारी ते आले तेव्हा घरात सासूबाई आणि मी, दोघीच होतो. सासूबाईंची भाषा पाहुण्यांसमोर पुस्तकातली असायची, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्या दिवशी त्यांनी बाबांना पाणी दिलं, खुर्ची जरा जवळ ओढली आणि बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या टेलिफोनच्या कंपनीचे शेअर अजून भेटते का?"

बाबा म्हणाले, भेटतात की, आता तर कोणी विचारत नाही त्यांना, पण विहीणबाई, त्याच्यात काही राम राहिला नाही.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "मले दहाच पायजे. माह्या जवळचे पैसे आहे." त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणला. "पण माह्या माहेरच्या नावानं भेटन का?"

मी लग्न होऊन त्या घरात वर्षभर होते आणि सासूबाईंना माहेरचं काही वेगळं नाव असेल, हा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. त्यांना सासरे अहो म्हणत, नवरा आई म्हणे, दीर-नणंदा वहिनी म्हणत आणि बँकेत, रेशन कार्डात त्यांचं जे नाव होतं तेही कोणी तरी ताटातच लिहिलेलं होतं. पुढचं ताट त्यांनी माझ्यापुढे ठेवलं, कारण ताट पुढे सरकवायचं असतं एवढंच त्यांना कोणी शिकवलं होतं. मला त्यांचा वर्षभराचा राग होता, तो त्या दुपारी कुठे ठेवावा हे कळेना.

एजंटानं खूप कुरकुर केली, की एवढ्याशा शेअरचा कोणी व्यवहार करतं का, पण कोणाकडे तरी पडून असलेले दहा शेअर त्यानं शोधून दिले. घेणाऱ्याचीही फॉर्मवर सही लागते. पत्ता नंदनवनचा घातला, म्हणजे सासऱ्यांना कळायचा प्रश्न नाही. बाबा फॉर्म घेऊन आले. सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि पेन घेतलं. पहिलं अक्षर काढून त्या थांबल्या, मग पुढचं काढलं. गोल गोल, सुटं, चौथीतल्या मुलीच्या वहीत असतं तसं अक्षर आलं. त्यांच्या रोजच्या सहीशी त्याचा काही मेळ नव्हता. शाई वाळेपर्यंत त्या त्यावर फुंकर घालत राहिल्या.

बाबांनी चष्मा लावला. या खेपेला ते कोणाच्याही संकोचात पडणार नव्हते. त्यांनी फॉर्म हातात धरला, सहीवर बोट ठेवलं आणि सासूबाईंचं माहेरचं नाव मोठ्यानं वाचलं.

"ओ," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी ते ठरवून म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर त्या स्वतःच दचकल्या आणि आम्हा दोघांकडे पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला. बाबांनी फॉर्मची नीट घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला. मी चहा टाकायला आत गेले.